प्लाझ्माचे फिरणे वारंवार मंदावते आहे? चुंबकीय विषमता शोधण्याचा क्रम

प्लाझ्माला तापवणाऱ्या आणि फिरवणाऱ्या उदासीन कणांच्या झोताची शक्ती तीच आहे, घनता तीच आहे, प्लाझ्मातील विद्युतप्रवाहही तोच आहे, आणि तरीही टोकामॅक या कंकणाकृती चुंबकीय संलयन-यंत्रातला प्लाझ्मा (अतितप्त आयनित वायू) मागच्या प्रयोग-मोहिमेपेक्षा सावकाश फिरतो आहे, ही तक्रार मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे आणि तिचे निवारणही पुन्हा पुन्हा करत आलो आहे. तक्रार घेऊन येणाऱ्याने बहुधा कारणही ठरवलेले असते: चुंबकीय क्षेत्रात कुठेतरी विषमता शिरली आहे. पुष्कळदा ते खरेच असते. मात्र विषमता प्लाझ्माला एकाच रीतीने आवरत नाही, आणि कोणत्या रीतीने आवरते आहे हे ओळखण्याआधी सुधारक वेटोळ्यांतला (विषमता मिटवणारे क्षेत्र लावणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांतला) प्रवाह बदलत बसले की दिवसभराचे शॉट, म्हणजे प्लाझ्माचे एकेक प्रयोग, वाया जातात. म्हणून आधी लक्षणे नीट पाहावीत.

लक्षणे

पहिल्या प्रकारात वेग काही काळ हळूहळू उतरतो आणि मग कड्यावरून पडावा तसा कोसळतो. हा उतार सर्वत्र एकसारखा नसतो; तो क्यू = २ या चुंबकीय पृष्ठाजवळ सुरू होतो आणि तेथून आत-बाहेर पसरतो. क्यू म्हणजे क्षेत्ररेषा लहान वर्तुळातून एक फेरी पूर्ण करेपर्यंत मोठ्या वर्तुळातून किती फेऱ्या मारते तो आकडा. कोसळल्यानंतर पात्राच्या भिंतीवरील खोगीर-वेटोळ्यांत एकाच जागी स्थिर राहिलेला एन = १ असा संकेत वाढत जातो (एन म्हणजे कंकणाभोवतीच्या एका फेरीत नमुना किती वेळा येतो तो आकडा), तापमान घसरते, आणि शॉट बऱ्याचदा डिसरप्शनने, म्हणजे प्लाझ्मा अचानक कोलमडून, संपतो. घनता कमी असलेल्या सुरुवातीच्या टप्प्यात हे अधिक वेळा घडते.

दुसऱ्या प्रकारात कडा नसतोच. केंद्रापासून काठापर्यंतचा वेगाचा आलेख आपला आकार जवळपास राखून खाली बसतो. कोणताही मोड, म्हणजे लहरीसारखी अस्थिरता, दिसत नाही, घनता आणि तापमान फारसे हलत नाहीत, आणि गरम, अधिक दाबाच्या प्लाझ्मात हा परिणाम जास्त जाणवतो.

तिसरा प्रकार या दोघांशी गल्लत करायला लावतो. मिरनॉव्ह वेटोळ्यांत (चुंबकीय क्षेत्रातील झपाट्याचे बदल टिपणाऱ्या वेटोळ्यांत) काही किलोहर्ट्झचा फिरता मोड आधीपासून असतो, त्याची वारंवारता सतत उतरत शून्यावर येते आणि तो लॉक होतो, म्हणजे एका जागी अडकतो. येथे ब्रेक लावणारी प्रमुख गोष्ट म्हणजे त्या मोडने पात्राच्या धातूच्या भिंतीत उत्पन्न केलेले भोवरी प्रवाह. बाहेरची विषमता शेवटच्या क्षणी मोडला एका विशिष्ट दिशेला थांबवते, पण आजार तिने आणलेला नसतो. मोड का जन्मला हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर सुधारक वेटोळ्यांत सापडत नाही.

विषमता ब्रेक का लावते

कंकणाकृती क्षेत्र पूर्णपणे सममित असेल तर कंकणाच्या दिशेने कणावर निव्वळ ओढ पडत नाही आणि त्या दिशेचा कोनीय संवेग केवळ सावकाश, प्रक्षोभातून बाहेर झिरपत जातो. सममिती मोडली की ही सोय संपते. यासाठी लागणारी विषमता अत्यंत लहान असते: मुख्य क्षेत्राच्या दहा हजारांत एक भाग एवढे त्रुटिक्षेत्र, म्हणजे नको असलेले विषम क्षेत्र, मोड लॉक करायला पुरू शकते. मुख्य क्षेत्र २ टेस्ला असेल तर हा भाग २ गॉस भरतो, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या क्षेत्राच्या काही पट, एवढाच. वेटोळे काही मिलिमीटर सरकले, थोडे कलले, किंवा प्रवाह आत आणणारी जोडणी सममित नसली तरी एवढे क्षेत्र सहज निर्माण होते.

चाचणी पहिली: मोजमाप बरोबर आहे ना

ही तपासणी सर्वांत स्वस्त आहे, कारण तिच्यासाठी नवा शॉट लागत नाही. वेग बहुधा कार्बन अशुद्धीच्या वर्णरेषेच्या डॉप्लर विस्थापनावरून मोजला जातो. तरंगलांबीची शून्यरेषा जराशी सरकली असेल तर संपूर्ण वेगालेख खाली आल्यासारखा दिसतो, आणि ते चित्र वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारासारखेच असते. शिवाय कार्बनचा वेग आणि मुख्य आयनांचा वेग नेमके एक नसतात. काठाजवळ दाबाचा उतार तीव्र असतो तेथे हा फरक मोठा होतो.

पडताळणीसाठी एखादा निरुपद्रवी फिरता मोड असलेला शॉट निवडावा. मोड ढोबळमानाने आपल्या पृष्ठावरील प्लाझ्माबरोबर फिरतो. एन = १ चा मोड १० किलोहर्ट्झवर असेल आणि कंकणाची मोठी त्रिज्या १.७ मीटर असेल, तर वेग सुमारे १०७ किलोमीटर प्रतिसेकंद निघतो. वर्णपटमापकाचे त्याच पृष्ठावरील उत्तर यापासून बरेच दूर असेल तर आधी उपकरण तपासावे. क्ष-किरण स्फटिक वर्णपटमापक उपलब्ध असेल तर तोही पाहावा, कारण त्याला झोताची गरज नसते आणि त्याच्या चुका वेगळ्या प्रकारच्या असतात.

चाचणी दुसरी: ढकलणारे बल खरोखर तेवढेच आहे का

झोताची शक्ती समान असली म्हणजे टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, समान असतो, हा समज मी अनुभवी चालकांमध्येही पाहिला आहे. प्रत्येक कण आपल्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ऊर्जा आणतो, पण संवेग मात्र वेगाच्या साध्या प्रमाणात आणतो. त्यामुळे तीच शक्ती अधिक त्वरणविभव लावून दिली की कण कमी लागतात आणि टॉर्क घटतो. एखादा झोतस्रोत बंद ठेवून त्याची भरपाई दुसऱ्या, कमी स्पर्शी दिशेच्या स्रोताने केली असेल तरीही हेच होते.

यानंतर घनता पाहावी. वेग पाहू नये, साठलेला कोनीय संवेग काढावा, म्हणजे घनता आणि वेग यांच्या गुणाकाराची संपूर्ण आकारमानावरील बेरीज. घनता जेवढी वाढली तेवढाच वेग उतरला असेल आणि संवेग कायम असेल, तर कोणीही ब्रेक लावलेला नाही; तेच ढकलणे जास्त वस्तुमानाला पुरवावे लागते आहे. झोतावर चालणाऱ्या प्लाझ्मात इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन तापन जोडल्यावर केंद्रीय वेग उतरतो, हेही डी-थ्री-डी आणि इतर यंत्रांवर वारंवार दिसले आहे. त्याचा विषमतेशी संबंध नाही. काठाजवळ उदासीन वायू जास्त झाला असेल तर प्रभारविनिमयातून (आयन उदासीन अणूकडून इलेक्ट्रॉन घेऊन क्षेत्राच्या पकडीतून सुटतो त्यातून) संवेग निसटतो. पात्र नुकतेच उघडून बंद केले असेल तेव्हा हे विशेषतः लक्षात ठेवावे.

चाचणी तिसरी: सुधारक वेटोळ्यांची ध्रुवता

देखभालीनंतर पहिल्याच आठवड्यात तक्रार आली तर मी ही चाचणी सर्वांच्या आधी करतो. एका मोहिमेत सुधारक वेटोळ्यांच्या एका जोडीची तारजोडणी उलटी झाली होती. नियंत्रणकक्षातील पडद्यावर प्रवाहाचे आकडे अगदी जुन्याइतकेच दिसत होते, आणि त्यामुळे आम्ही दोन दिवस झोताला दोष देत राहिलो. जे क्षेत्र त्रुटी मिटवण्यासाठी लावले होते ते तिच्यात भर घालत होते.

उपाय सोपा आहे. प्लाझ्माविना, एकेका वेटोळ्यात लहान प्रवाह सोडून सर्व संवेदकांचा प्रतिसाद नोंदवावा आणि तो गेल्या मोहिमेतील त्याच नोंदीशी चिन्हासह ताडून पाहावा. फक्त परिमाण जुळले म्हणून पुढे जाऊ नये. येथेच एक थांबण्याची खूण आहे: तोच प्रवाह असताना एखाद्या मुख्य वेटोळ्याचे क्षेत्र पूर्वीपेक्षा वेगळे दिसले, तर वेटोळे हलले असेल किंवा त्याचे फेरे आतून एकमेकांना टेकून शॉर्ट झाले असतील. त्या क्षणी काम थांबवावे आणि चुंबक-अभियंत्यांना बोलवावे. आणखी एक शॉट घेऊन पाहू, असे या बाबतीत कधीही म्हणू नये.

चाचणी चौथी: उताराचा आकार

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण पुढचा सगळा मार्ग येथे ठरतो.

क्षेत्ररेषा ज्या पृष्ठावर काही फेऱ्यांनंतर स्वतःला येऊन मिळते, त्या पृष्ठावर त्याच घडणीची विषमता अनुस्पंदी (रेझोनंट) ठरते. फिरणारा प्लाझ्मा उत्तम वाहक असल्यामुळे तो त्या पृष्ठावर प्रवाह उभे करून बाहेरचे क्षेत्र अडवतो. हे प्रवाह आणि ते क्षेत्र यांच्यातूनच ओढ निर्माण होते. महत्त्वाची गोष्ट अशी की या अवस्थेत वेग जितका कमी, तितकी ओढ जास्त. उलट बाजूला, शेजारचा प्लाझ्मा श्यानतेद्वारे त्या पृष्ठाला पूर्ववेगाकडे खेचतो आणि हे खेचणे गमावलेल्या वेगाच्या प्रमाणात असते. दोन्हींचा मेळ एका मर्यादेपर्यंतच बसतो. सिद्धान्तानुसार पृष्ठाचा वेग मूळ वेगाच्या साधारण निम्म्यावर आला की मेळ तुटतो, क्षेत्र आत घुसते, चुंबकीय बेट (क्षेत्ररेषा स्वतःभोवती मिटलेला वेगळा पट्टा) तयार होते आणि वेग कोसळतो. वर सांगितलेला कडा तो हाच. म्हणून क्यू = २ जवळील वेग निम्म्याकडे जाताना दिसला की पुढच्या शॉटमध्ये तेच करून पाहण्यात अर्थ नाही.

अनुस्पंदी नसलेल्या विषमतेची रीत वेगळी आहे. क्षेत्राच्या कमी तीव्रतेच्या भागात अडकून पुढे-मागे झोके घेणारे कण सममित यंत्रात सरासरीने आपल्या पृष्ठावरच राहतात. विषमता आली की ते त्रिज्येच्या दिशेने वाहू लागतात. आयन आणि इलेक्ट्रॉन सारख्या वेगाने वाहत नाहीत, त्यामुळे त्रिज्येच्या दिशेने प्रवाह उभा राहतो आणि त्यातून कंकणाच्या दिशेने ओढ निर्माण होते. याला नवअभिजात कंकणीय श्यानता म्हणतात. एनएसटीएक्स या गोलाकार टोकामॅकवर मोजलेली ओढ या सिद्धान्ताशी चांगली जुळल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ही ओढ पुष्कळ पृष्ठांवर एकाच वेळी पडते आणि वेग उतरला की बहुधा स्वतःही उतरते, म्हणून येथे कडा दिसत नाही. ती प्लाझ्माला शून्यावर आणत नाही, तर प्लाझ्मातील प्रवाहाच्या विरुद्ध दिशेच्या एका ठरावीक वेगाकडे नेते. डी-थ्री-डी यंत्रावर २००८ मध्ये दाखवण्यात आले की स्थिर विषम क्षेत्र सावकाश फिरणाऱ्या प्लाझ्माचा वेग त्या दिशेला वाढवूही शकते. आपला प्लाझ्मा मुळातच त्या दिशेला फिरत असेल तर विषमतेचा परिणाम वाचताना हे विसरू नये.

दोघांतला फरक तपासायला घनता थोडी वाढवावी. प्रवाहतापित प्लाझ्मात लॉक होण्यासाठी लागणारे त्रुटिक्षेत्र जवळपास घनतेच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे घनता वाढवल्यावर कडा नाहीसा झाला तर विषमता अनुस्पंदी आहे असे समजावे. ओढ क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे क्षेत्र दुप्पट केले की ओढ चौपट होते, एवढ्यावरून मात्र काही ठरवू नये. दोन्ही प्रकारांत असे होऊ शकते.

त्याच वर्गाच्या नियमाचा दुसरा उपयोग फार मोलाचा आहे. सुधारक वेटोळ्यांतून एन = ३ चे क्षेत्र एकदा एका ध्रुवतेने आणि एकदा उलट ध्रुवतेने लावावे. यंत्रात एन = ३ ची स्वतःची विषमता नसेल तर दोन्ही वेळा ब्रेक सारखाच लागेल. ती असेल तर एका ध्रुवतेत ती भर घालेल आणि दुसरीत वजा होईल. दोन उतारांतील फरकावरून तिचे परिमाण काढता येते, आणि त्यासाठी फक्त दोन चांगले शॉट लागतात. एनएसटीएक्सवर अशाच प्रकारे एका मोठ्या उभ्या-क्षेत्राच्या वेटोळ्याचा आकार पूर्ण वर्तुळ नसल्याचा परिणाम उघड झाला, आणि एन = ३ ची दुरुस्ती केल्यावर वेग टिकून राहू लागला.

चाचणी पाचवी: लहरीपणा आणि लोखंड

कंकणीय क्षेत्र ठरावीक संख्येच्या वेटोळ्यांनी तयार होते, त्यामुळे दोन वेटोळ्यांमधल्या जागेत ते किंचित कमी भरते. ही लहर बाहेरच्या काठाकडे वेगाने वाढते. म्हणून प्लाझ्मा काही सेंटिमीटर आत सरकवून पाहावा. वेग लक्षणीय सुधारला तर पुढचा शोध बाहेरच्या काठाजवळ घ्यावा. जेट यंत्रात ३२ वेटोळ्यांमुळे ही लहर एरवी ०.०८ टक्के एवढीच होती. एकाआड एक वेटोळ्यांत असमान प्रवाह सोडून ती मुद्दाम १ टक्क्यापर्यंत वाढवली, तेव्हा वेग स्पष्टपणे उतरला. याचे एक कारण असे की काही वेगवान आयन लहरीत सापडून निसटतात आणि मागे उलट दिशेचा टॉर्क सोडून जातात. जेटी-६०यू यंत्रात, १८ वेटोळी असताना, लोहचुंबकीय फरशा बसवून ही लहर कमी करण्यात आली.

लोखंड बरे करते तसे बिघडवतेही. इटर या फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय टोकामॅकमध्ये ज्या लोहयुक्त चाचणी-आवरणांची योजना आहे, त्यांच्यामुळे होणारी एकाच जागची विकृती डी-थ्री-डीवर २००९ मध्ये वेटोळ्यांच्या साहाय्याने निर्माण करून पाहिली गेली, आणि जे परिणाम दिसले त्यांत वेग मंदावणे हा सर्वांत ठळक होता. तेव्हा यंत्राजवळ नवे उपकरण, त्याचे चुंबकीय कवच किंवा पोलादी आधार आला आहे का, हे विचारून घ्यावे. एका दूरध्वनीत उत्तर मिळते आणि अनेक शॉट वाचतात.

चाचणी सहावी: चार दिशांची फेरी

अनुस्पंदी एन = १ विषमता आहे अशी खात्री पटली की तिची दिशा आणि परिमाण शोधावे लागते. एकच दिशा धरून प्रवाह कमी-जास्त करणे हा अंधारात चाचपडण्याचा प्रकार आहे. त्याऐवजी कंकणाभोवती ९० अंशांच्या अंतराने चार दिशा निवडाव्यात. प्रत्येक दिशेला एन = १ क्षेत्र मोड लॉक होईपर्यंत सावकाश वाढवावे आणि लॉक झाला त्या क्षणीचा प्रवाह प्रतलावर बिंदू म्हणून मांडावा. हे बिंदू एका वर्तुळावर पडतात, आणि त्या वर्तुळाचे केंद्र म्हणजे हवी ती दुरुस्ती. तीन बिंदूंत वर्तुळ ठरते. चौथा आपण फसलो नाही ना हे सांगतो. चौथा बिंदू वर्तुळापासून दूर पडला, तर बहुतेक वेळा एखाद्या शॉटमध्ये घनता सरकलेली असते.

हे शॉट मुद्दाम लॉक करायचे असल्याने त्यांत प्लाझ्माप्रवाह कमी ठेवावा, आणि मोड लॉक होताच शॉट सुखरूप उतरवणारी संरक्षणव्यवस्था चालू ठेवावी. तिची मर्यादा वाढवून एखादा बिंदू मिळवण्याचा मोह होतो. तो आवरावा. डिसरप्शनमध्ये भिंतीवर पडणारा भार एका बिंदूच्या मोबदल्यात परवडत नाही.

मिळालेली दुरुस्ती निर्वात क्षेत्राच्या (प्लाझ्मा नाही असे धरून काढलेल्या क्षेत्राच्या) हिशेबाशी जुळली नाही तर गोंधळून जाऊ नये. प्लाझ्मा बाहेरच्या क्षेत्राला स्वतःचा प्रतिसाद देतो आणि काही घडणींचे क्षेत्र विशेष वाढवतो. क्यू = २ पृष्ठावरील निर्वात क्षेत्र शून्य केले तरी प्लाझ्मा ज्या घडणीला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो ती तशीच शिल्लक राहू शकते. डी-थ्री-डी आणि एनएसटीएक्सवरील चक्रावून टाकणारी निरीक्षणे २००७ मध्ये हा प्रतिसाद हिशेबात धरल्यावरच उलगडली. फेरीतून आलेले उत्तर आणि कागदावरचे निर्वात उत्तर यांत निवड करायची वेळ आली तर मी नेहमी फेरीचे घेतो.

चाचणी सातवी: दाब वाढल्यावरच त्रास होतो का

बीटा, म्हणजे प्लाझ्माचा दाब आणि चुंबकीय दाब यांचे गुणोत्तर, भिंतीच्या आधाराविना प्लाझ्मा जेथवर स्थिर राहतो त्या मर्यादेजवळ गेले की प्लाझ्मा एन = १ त्रुटिक्षेत्राला अनेक पटींनी फुगवतो. कमी बीटाला निर्दोष वाटणारी दुरुस्ती अशा वेळी अपुरी पडते. तापन कमी करून बीटा थोडे उतरवावे आणि ब्रेक सुटतो का पाहावे. सुटला तर सुधारक प्रवाह स्थिर न ठेवता मोजलेल्या प्लाझ्माप्रतिसादावरून शॉट चालू असतानाच बदलत ठेवणे आवश्यक असते. हे प्रतिपोषण जुळवणे स्थैर्यतज्ज्ञ आणि नियंत्रण-अभियंते यांनी मिळून करायचे काम आहे. चुकीच्या कलेने (फेजने) लावलेले प्रतिपोषण ब्रेक आणखी घट्ट करते.

शेवटी यंत्राची घडण, आणि हात आखडता घेण्याची वेळ

वरील सगळे करूनही आवश्यक दुरुस्ती शॉटागणिक बदलत असेल, तर ती कोणत्या वेटोळ्याच्या प्रवाहाबरोबर बदलते ते शोधावे. एकाच वेटोळ्याच्या प्रवाहाच्या प्रमाणात ती वाढत असेल तर ते वेटोळे किंवा त्याची जोडणी सरकलेली आहे. दोन वेटोळ्यांच्या प्रवाहांच्या गुणाकाराबरोबर ती वाढत असेल तर शॉट चालू असताना काहीतरी हलते आहे. एनएसटीएक्समध्ये मध्यवर्ती सोलेनॉइडच्या जोडण्यांवरील चुंबकीय बलामुळे कंकणीय वेटोळ्यांचा मधला जुडगा किंचित हलत असे आणि त्यातून त्रुटिक्षेत्र निर्माण होत असे.

येथपर्यंत आल्यावर प्लाझ्माशास्त्रज्ञाने थांबावे. वेटोळ्यांची जागा लेझर-मापनाने तपासणे, आधार सैल करणे, प्रवाहवाहक पट्ट्यांची जोडणी बदलणे ही कामे चुंबक-अभियंते आणि मापनतज्ज्ञांची आहेत. अतिवाहक यंत्रात साठलेली ऊर्जा पाहता ती इतर कोणी हाती घेऊच नयेत. सुधारक प्रवाह वीजपुरवठ्याच्या कमाल मर्यादेला टेकला असेल, तरीही हाच निर्णय घ्यावा. केस्टार यंत्रात मुळातली विषमता फार कमी मिळाली ती वेटोळी अचूक बनवून आणि अचूक बसवून. नंतरच्या दुरुस्तीने तेवढी शुद्धता मिळवणे अवघड असते. इटरमध्ये तर वरच्या, मधल्या आणि खालच्या ओळीत प्रत्येकी ६ अशी १८ सुधारक वेटोळी योजलेली आहेत, कारण तेथील प्रचंड प्लाझ्माला झोतांचा टॉर्क तुलनेने कमी पडणार आहे आणि सावकाश फिरणाऱ्या प्लाझ्माला त्रुटिक्षेत्र अडवणे जड जाते.

अभियंत्यांना बोलवताना त्यांच्या हाती तीन गोष्टी द्याव्यात: प्लाझ्माविना घेतलेल्या एकेका वेटोळ्याच्या नोंदी, चार दिशांच्या फेरीचे वर्तुळ, आणि दुरुस्ती कोणत्या प्रवाहाबरोबर बदलते त्याचा आलेख. एवढे असले की त्यांना कोणत्या वेटोळ्याकडे आधी जायचे हे कळते. दुरुस्ती झाल्यावर पहिल्याच दिवशी चार दिशांची फेरी पुन्हा घ्यावी आणि झोत अचानक बंद करून वेग किती वेळात उतरतो तेही मोजून ठेवावे. पुढच्या वेळी तक्रार आली की तुलना करायला हाच शॉट लागतो.